भूपालअण्णा आणि फ्रिजमागचं पाणी

दुसऱ्याच्या घरात गेलं की माणूस आधी बसतो. आमचे शेजारी भूपालअण्णा आले की तडक फ्रिजमागे जातात. तिथला पाण्याचा ट्रे ओढतात, चष्मा सरकवून त्यात निरखून बघतात आणि मग कुठं जय जिनेंद्र करतात.

अण्णांचं किराणा दुकान. जैन माणूस, मुंगीला वळसा घालून चालणारा. पण डासांवर लय राग. "आपुन सुधारलो तसा त्योबी सुधारला. डेंगूच्या डासाला गटार चालत न्हाई, आपलं गाळलेलं पाणी लागतंय. आन् चावतोय दिवसाढवळ्या." खरंच आहे ते. आमच्या कवठे महांकाळात बॅरल भरून ठेवल्याशिवाय बाईला झोप येत नाही. घरात पाणी आलं तरी सवय जाते कुठं? शिवाय कूलर, मनी प्लांटच्या बाटल्या. पुढारी धुराच्या गाडीपुढे उभं राहून फोटो काढतात, डास तेवढा वेळ आमच्या घरात येऊन थांबतात.

अण्णांचं म्हणणं एकच, मारू नका, जन्मूच देऊ नका. म्हणून जुन्या धोतराचे तुकडे घेऊन बॅरलांची तोंडं बांधत हिंडतात. एकदा माझ्याच ट्रेमध्ये अळ्या सापडल्या. मी म्हटलं, उन्हात ओता. छे! अण्णांनी त्या तांब्यात घेतल्या आणि गप्पी माशांच्या हौदात नेऊन सोडल्या. मासे तुटून पडले. मी टोकलं तर म्हणाले, "खाल्लं ते माशाचं करम. म्या पाण्यातलं पाण्यात सोडलं." सापही मेला, काठीही तुटली नाही.

ह्या खटाटोपाचं कारण गल्लीला ठाऊक होतं. लेक त्रिशला पहिलटकरीण. गेल्या पावसाळ्यात गल्लीत डेंगू झालेला, म्हणून सासरच्यांनी बजावलं होतं, डास हटले तरच माहेरी धाडू. अण्णांची बायको वारलेली. बिचाऱ्यांनी माझ्याकडून डिंकाचे लाडू शिकून घेतले, दोनदा करपवले.

त्रिशला आली नाही. सासरच्यांनी परस्पर सांगलीच्या दवाखान्यात नाव घातलं. अण्णांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, आता अण्णा काही आपल्या दारात येत नाहीत.

तर रविवारी सकाळी हजर, थेट फ्रिजमागे.

मी विचारलं, "अण्णा, आता कुणासाठी?"

"तुमची सून काल दुकानात चिंच मागत हुती," ते तिथूनच म्हणाले.

सासू असून मला पत्ता नाही! मी खुर्चीतच बसले.

अण्णांनी ट्रे कोरडा पुसला, जागेवर सरकवला. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "तिचा बाप न्यायला आला तर न्हाई म्हणू नका."