गिरधरनानांच्या ओसरीतला समुद्र

पारोळा तालुक्यातल्या या गावात समुद्र नाही, याबद्दल ब्याण्णव सालापर्यंत कोणाची लेखी तक्रार नव्हती. नदी होती, तीही पावसाळ्यापुरती. तरी गावाचं बरं चाललं होतं.

मग गिरधरनानांच्या प्रमिलाचा मासा माहेरी आला. प्रमिला रत्नागिरीकडे दिलेली. जावयाच्या बदल्यांमुळे बिऱ्हाड सारखं हलायचं, म्हणून तिनं आपली काचेची टाकी, त्यातले पोवळ्याचे दगड, पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारंगी मासा आणि कॅन भरभरून समुद्राचं पाणी दिवाळीत आईबापांच्या ओसरीत आणून ठेवलं. निघताना तिचे डोळे भरले. "नाना, आखाजीला येईन तेव्हा हा मला जिवंत दिसला पाहिजे." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. प्रमिला दोन वर्षं आखाजीला आली नव्हती. नानांनी पोटच्या लेकरासारखा मासा सांभाळायला घेतला.

माघात पाणी गढुळलं. मासा दगडाआड तोंड लपवून बसला. नानांनी पारोळ्याहून लेकीला फोन लावला. तिनं उपाय सांगितला. शेजारी दुसरी टाकी मांडायची, तळाशी वाळू-गाळाचा थर, त्यात समुद्रगवत लावायचं, वर ट्यूबलाइट, आणि लहान पंपानं पाणी दोन्ही टाक्यांतून फिरवायचं. माशाची घाण गवत खातं, पाणी नितळ राहतं. "गवत एसटीच्या पार्सलनं पाठवते," ती म्हणाली.

घोडं इथंच अडलं. पार्सलवर प्रमिलानं प्रामाणिकपणे 'गवत' असं लिहिलं होतं. साल टंचाईचं. बाहेरून चारा आला तर तलाठ्याचा दाखला लागतो, असं पार्सलवाल्यानं सांगितलं. दाखला हवा तर गवत पीक म्हणून लावावं लागेल, असं तलाठी अभिमनआप्पांनी सांगितलं.

"आप्पा, हा चारा नाही. माशाचं औषध म्हणा."

"नाना, माझ्याकडे औषधाचा रकाना नाही. गवताचा आहे."

पीक : समुद्रगवत. सिंचन : खारे पाणी. लागली नोंद.

नाना जातिवंत कपाशीवाले. त्यांनी ओळी धरून, दोन रोपांत बोटभर अंतर ठेवून गवताची लावण केली. नानांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, काचेला हळदकुंकू लावलं. महिन्याभरात गवत लवलवू लागलं, पाणी निवळलं आणि मासा दगडाबाहेर येऊन नानांच्या बोटामागे पळू लागला. "देखा तरी, कसा पयस हाऊ!" झुंबरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायच्या.

तेवढ्यात तहसिलातून विचारणा आली. 'समुद्र नसताना समुद्रगवत कसे पिकले, याचा खुलासा करावा.'

आप्पांना घाम फुटला. नोंद खोटी म्हणावी तर नोंद करणारा खोटा ठरतो, आणि आप्पांची बढती तोंडावर आलेली. तेव्हा नोंद आहे तशी ठेवून समुद्रच खरा करणं भाग होतं. ते ओसरीत पंचनाम्याला आले. पाणी चाखलं. "खारट आहे. गवत आहे. मासा आहे. राहिलं काय?"

"लाटा," नाना म्हणाले.

आप्पांनी टाकीत बोट फिरवलं. "त्याही आहेत."

कागदोपत्री गावाला समुद्र लागला. दुसऱ्याच आठवड्यात किनाऱ्यालगतच्या बांधकामांना बंदी आली आणि संडासाचं काम अर्ध्यावर अडलेला शेजारचा उखर्डू तणतणत आला. "मन्हा संडास बंद करी टाका तुम्ही!" पण सरपंच रतिलालभाऊंचं डोकं भलतीकडे चालत होतं. किनारा म्हटला की योजना आल्या! पंधरवड्यात सगळं गाव मच्छीमार झालं. कांदालसूणही न खाणारे माळकरी पहिल्या दिवशीच नाव लावून गेले. जाळी आली, ती कोंबड्यांवर पडली. डिझेल आलं, ते विहिरीच्या इंजिनात गेलं. होडी आली, तिच्यात सरकी भरली. उखर्डूचा संडास 'दीपगृह' म्हणून पूर्ण झाला, आणि नानांना पहिला हार त्यानंच घातला.

नानांचं कशात लक्ष नव्हतं. त्यांना आखाजीचा ध्यास लागला होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी आप्पा विळा, तराजू आणि दोन माणसं घेऊन आले. मागे सरपंच. पीक कापणी प्रयोग होता.

"प्रत्येक पिकाचा नमुना प्लॉट कापून उतारा काढायचा असतो, नाना. त्याशिवाय आणेवारी लागत नाही."

"मग कोपऱ्यातलं चिमूटभर कापा."

"प्लॉटचं माप ठरलेलं आहे. तुमचं अख्खं शेत त्याहून लहान. सगळंच कापावं लागेल."

नाना टाकीपुढे आडवे उभे राहिले. "मन्ही पोर येवाव शे, आप्पा. गवत गयं तर मासा मरी जाई!"

"नाना," रतिलालभाऊ मायेनं म्हणाले, "आणेवारी नाही तर पीक नाही. पीक नाही तर समुद्र नाही. मग गावानं काय करायचं?"

ओसरीच्या दारात गाव जमलं होतं. उखर्डूनं नानांना खांद्याला धरून हळूच बाजूला केलं.

पाण्यात विळा चालेना, म्हणून गवत मुळासकट उपटलं. तळाचा गाळ ढवळून निघाला, कुजका वास सुटला. उतारा उत्तम आला. आखाजीच्या सकाळी मासा वर तरंगत होता.

प्रमिला दुपारच्या एसटीनं आली. माशासाठी आणलेला खाऊ तिच्या हातातच राहिला. "पोरी, हाऊ मरी गया. आम्हले काही करता उनं नही," म्हणत झुंबरबाईंनी तिला कवटाळलं. नाना टाकीकडे पाठ करून लहान मुलासारखे रडले.

रतिलालभाऊ प्रमिलाच्या सांत्वनाला आले. "अक्का, रडा, पण जरा हळू. वर तहसिलात कळायला नको." जाताना त्यांनी टाकीत एक गाजर सोडलं. पुढच्या तपासणीत साहेबांनी ते लांबून पाहिलं आणि 'मत्स्यसंपदा समाधानकारक' असा शेरा मारला.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्या गावातही कागदावर एखादा भरलेला तलाव असेल, आणि त्याच्या नावानं तुमच्या घरी काहीतरी आलंही असेल. घेताना विचारलं होतं का, पाणी कुठं आहे म्हणून? मग त्या दिवशी ओसरीच्या दारात तुम्हीही होतात. आता जरा सरका. प्रमिलाला बाहेर पडायचंय.