देवीला गूळ पाहिजे

चंपतरावांचे हात थरथरायला लागले तेव्हा ते गिऱ्हाइकाला लुगडं दाखवत होते. कपाळावर घामाच्या धारा, छातीत धडधड आणि भूक तर अशी, की समोरचं लुगडंही खाऊन टाकावं. त्यांचे डोळे पाहून गिऱ्हाईक भाव न विचारताच निघून गेलं.

या सगळ्याचं मूळ जिल्ह्याच्या वाटणीत होतं. दसऱ्याला आदिलाबादचे चार जिल्हे होणार हे ठरलं, आणि कोळसा खाणीकडचे दांडगे गडी शरीरसौष्ठव स्पर्धेतून परस्पर दुसऱ्या जिल्ह्यात गेले. आता चाळिशीवरच्या गटात आपल्याला कोण अडवतो, असं नेरडीगोंड्याच्या या कापड दुकानदाराच्या मनाने घेतलं. जिमवाल्याने भात-भाकरी तोडली आणि कागदात गुंडाळून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. मधुमेहाची गोळी चालूच होती. रिकाम्या पोटी या दोन्हींची गाठ पडली तर काय होईल, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर रेणुकाबाईंना कळलं असतं, आणि बायकोपुढे त्यांची छाती अजून इंचभरही फुगत नव्हती.

साखर उतरली की पटकन गोड खा, नाहीतर बेशुद्ध पडाल, एवढं मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं. ते धडपडत शेजारच्या चहाच्या टपरीवर गेले.

"नागोराव, मूठभर साखर द्या. लवकर!"

"शेट, माही मान मागा, पन साखर मागू नका. वयनीनं साऱ्या गल्लीले तंबी देऊन ठेवली."

"अरे, मी मरून राह्यलो!"

"मांगच्या सोमवारीबी असंच म्हनले होते तुमी. जिलबीसाठी."

हे खरं होतं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. चंपतराव भिंत धरून घराकडे निघाले. डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि रोजची गल्ली संपता संपत नव्हती. आता आपण खरंच मरतो, असं त्यांना वाटलं.

घरात घट बसले होते. आरतीला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. गूळ-साखर कपाटात कुलूपबंद आणि किल्ली रेणुकाबाईंच्या कमरेला. चंपतराव उंबरा ओलांडून आले ते थेट घटापुढे गुडघ्यांवर कोसळले. सगळं अंग लटलट कापत होतं.

"माय वं! आंगात आलं!" शेजारच्या बयनाबाई ओरडल्या. कोणी कपाळभर कुंकू फासलं, कोणी लिंबू आणायला धावलं.

"गूळ," चंपतराव पुटपुटले.

बयनाबाईंनी पदर पसरला. "माय, आमचं गाव नव्या निर्मल जिल्ह्यामंदी जाईन का आदिलाबादमंदीच राहीन?"

"गूळ!"

"कोपली वं माय! कोनी काई चुकलं काय?"

चंपतरावांची मान कलायला लागली. "रेणुके... वाचव वं..."

रेणुकाबाई ताडकन उठल्या. कपाट उघडून त्यांनी गुळाचा खडा नवऱ्याच्या तोंडात कोंबला, वरून पाणी पाजलं, मग दुसरा खडा. हळूहळू थरथर उतरली आणि चंपतरावांना माणसं ओळखू यायला लागली.

तेवढ्यात रेणुकाबाईंनी हात जोडले. "माय, माह्या मालकानं जिमले जावं का?"

चंपतरावांनी आजूबाजूला पाहिलं. आपल्या अंगात देवी नाही म्हणावं, तर मग कापत का होतास, हा प्रश्न तयारच होता.

"जाऊ नये," देवी म्हणाली.

"आनि गादीखालच्या त्या कागदातल्या गोळ्या?"

देवीने डोळे विस्फारले. "फेकून द्याव्या."

"डाक्टरले समदं खरं सांगावं?"

"सांगावं," देवी रडवेल्या आवाजात म्हणाली. आता देवीचा शब्द मोडायची सोय नव्हती. बयनाबाईंच्या तोंडून तो संध्याकाळपर्यंत पार पलीकडच्या गुडीहत्नूर गावाला पोचणार होता.

बाया पाया पडून गेल्यावर रेणुकाबाईंनी भाकरीचं ताट पुढे ठेवलं. "खा. मंग दवाखान्यात जाऊ."

"तुले ठाऊक होतं, देवी नव्हती म्हनून?"

"देवी कदी 'वाचव' म्हनते काय?"

त्या कपाटाला कुलूप लावायला गेल्या, पण किल्ली काही केल्या भोकात बसेना. त्यांचा हात लटलट कापत होता.

"आता तुह्या आंगात आलं काय?" चंपतरावांनी हसायचा प्रयत्न केला.

"भेव आलं," रेणुकाबाई म्हणाल्या आणि किल्ली नवऱ्याच्या हातात देऊन खाली बसल्या.