सतरा पायांची परेड

कानडी मुलखातल्या आमच्या अग्रहारात, म्हणजे जुन्या वस्तीत, नमस्कार केला की तोंडाकडे न बघता पायांकडे बघणारा एकच माणूस आहे. सुभेदार येसाजीराव माने, साऱ्या गल्लीचे मामा. "नमस्कार मामा" म्हणावं, तर उत्तर येतं, "टाच फुटलीय तुझी. खोबरेल लाव." तब्येत, पाऊस, मुलंबाळं, सगळं त्यानंतर.

मामा पायदळातले. लांबची मजल मारून आलं की चहाच्या आधी जवानांचे पाय तपासायचे, असा तिथला नियम. मामा निवृत्त झाले, नियम काही झाला नाही. "माणूस पायावर उभा असतो, तोंडावर नाही!"

माझ्या भाचीला बघायला मंड्या गावचा मुलगा आला, तेव्हा मीच हौसेनं मामांना बोलावलं. मुलगा इंजिनिअर, देखणा, बोलका. मामांनी त्याला बशीतलं उप्पिट्टू संपवू दिलं आणि फर्मावलं, "मोजे काढा." मुलाची आई ताडकन उठली. मामा वाकले, चष्मा सावरून बघितलं. "पोरगा चांगला आहे. नखं तेवढी काप म्हणावं." लग्न झालं. जावई अजूनही आमच्या गल्लीत शिरण्याआधी रिक्षात बसून नखं बघतो.

खरी मजा रविवारी सकाळी. मामांच्या जगलीवर, म्हणजे दारापुढच्या कट्ट्यावर, गावातले नऊ म्हातारे फौजी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून ओळीनं बसतात. नऊ माणसं, सतरा पाय. अठरावा भुजंगरावांचा, तो लढाईत राहिला. बहुतेकांना शुगर. पायाची जाणीव गेलेली, खिळा रुतला तरी कळत नाही. म्हणून मामा टॉर्च आणि दाढीचा आरसा घेऊन एकेक तळवा बघतात. तपासणी झाली की कॉफी, आणि कॉफीबरोबर खोट्यानाट्या पराक्रमांना ऊत.

एका रविवारी हवालदार रामोजी शिंदे बूट काढेनात. त्याआधीचे दोन रविवार ते सोसले गावी पाहुण्यांकडे गेले होते म्हणे.

"बेडा, साहेब, नको. आज सर्दी आहे."

"सर्दी नाकाला होते, रामोजी. बूट!"

मोजा निघाला आणि ओळीतले सगळे पुढे वाकले. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कडा काळी पडलेली.

"ठाऊक होतं तुला?" मामांचा आवाज एकदम उतरला.

"होतं, साहेब. डॉक्टर पाय कापतील. देवराज मोहल्ल्यात एका खोलीत एकटा राहतो मी. मग मला उठवणार कोण, बसवणार कोण?"

भुजंगराव खाकरले. "अय्यो, रामोजी, कापला तरी कुणी मरत नाही. मी बघ की! नखं काढायची मेहनत निम्मी."

रामोजी हसले आणि हसता हसता रडले. मामांनी रिक्षा बोलावली.

डॉक्टर म्हणाले, रोज पट्टी बदला, पाऊल जमिनीला लावू नका, मग कदाचित पाय वाचेल. मामांनी परस्पर हुकूम सोडला, "मुक्काम माझ्या घरी." मामी गेल्यापासून त्या घरात तीन खोल्या आणि एक माणूस होता.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या भिंतीपलीकडून भांडणं ऐकू येऊ लागली.

"साहेब, भातावरचा हा सारू आहे की शिक्षा? केवढं मीठ!"

"गप गिळ. पाय उशीवर!"

मी डोकावलो, तर पलटणीला कापरं भरवणारे मामा जमिनीवर मांडी घालून बसलेले. मांडीवर रामोजींचं पाऊल. औषध झोंबू नये म्हणून त्यावर फुंकर घालत होते. मला बघताच म्हणाले, "काय बघतोस? ड्यूटी आहे."

दोन महिने गेले. एका दुपारी मी नंजनगूडची केळी घेऊन मागच्या दारानं गेलो, तर रामोजी परसात दोन्ही पाय ठणठणीत टेकून बादली उचलत होते, वर शीळ घालत होते. इतक्यात पुढच्या दाराची कडी वाजली. रामोजींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं, वयाला न शोभणारी धाव घेतली आणि खाटेवर आडवे होऊन पाय उशीवर ठेवला.

मामा आले. पिशवीत दोघांची भाजी. त्यांनी पट्टी सोडली, टॉर्च लावला, आरसा धरला. मीही वाकून बघितलं. जखमेच्या जागी गुलाबी, अखंड कातडी होती.

मामांनी तिच्यावरून हलकेच अंगठा फिरवला. टॉर्च विझवला.

"हं. अजून कच्चं आहे. आणखी पंधरा दिवस मुक्काम हलवायचा नाही."

"मलाही तसंच वाटतं, साहेब," रामोजी कण्हत म्हणाले. "फार ठणकतंय."

मामांनी मान डोलावली आणि काहीही न झालेल्या त्या पावलाला नवी कोरी पट्टी बांधायला घेतली. सैल नको, घट्ट नको, अगदी सावकाश.