एकोणिसावी खोट

घर विकत घ्यायला आलेला माणूस आधी काय बघतो? वासे ठोकून बघतो, विहिरीत डोकावतो, माड किती ते विचारतो. तात्यांनी यातलं काहीच केलं नाही. ज्या घरासाठी ते आमच्या वाडीत आले होते त्याच्याकडे पाठ करून ते माझ्या पडवीतल्या बाकावर बसले, मांडीवर एक जाडजूड वही उघडली आणि ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला, खोट सांगा."

"खंयची खोट?" मी शिलाईचं मशीन थांबवलं.

"वाडीची. गूण माका दिसतत. खोट सांगूक माणूस लागता."

आता मी पडलो वाडीचा शिंपी, आणि वर वाडीच्या मंडळाचा चिटणीस. चिटणीस म्हणजे ज्याने पावसाळा संपला की ओढ्यावरचा साकव बांधायला घरटी एक माणूस गोळा करायचा, सप्ताहाची वर्गणी मागायची आणि दोन्हींबद्दल वर्षभर शिव्या खायच्या. तरी आमच्या वाडीसारखी वाडी अख्ख्या किनाऱ्यावर नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगत असे. आणि हा परका माणूस पहिल्याच वाक्याला खोट मागतो! माझं टाळकंच फिरलं.

"आमच्या वाडीक खोट नाय," मी म्हटलं.

तात्यांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि ते उठलेच. "मगे उपयोग नाय. येतंय."

त्या दिवशी शेजारची भागीरथीकाकी माशांची पाटी रिकामी करून वेळेवर परतली म्हणून, नाहीतर तात्या कायमचे गेले असते. तिने आमचं बोलणं मधल्या दगडी गडग्यापलीकडून ऐकलं होतं. तात्यांचं बोलणं गडग्यापलीकडे ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

"बसा हो!" ती म्हणाली. "खोट नाय म्हणता ह्यो? मी सांगतंय, लिवन घेवा. गडगो छातीच्या वर बांधूक गावणा नाय. कित्या? तर शेजारणीक दिसाक होया, चूल पेटली काय नाय ती. बाव तुमची, पण पाणी वाडीचा. पयलो फणस देवाक. मयत झाला तर सगळ्या वाडीची चूल बंद. नवी कौलां घालूची तरी मंडळाक इचारूचा. आणि घरात शिंक इली तर धा जणा इचारूक येतत, काय झाला म्हणान!"

तात्या भराभर लिहीत होते. मध्येच "सावकाश, सावकाश" म्हणत होते. त्यांचा चेहरा मात्र असा खुलला होता की जणू बाई वाडीची खोट सांगत नसून पंगतीला वाढते आहे. अठरा झाल्या तेव्हा काकी दमली. माझाही राग उतरला होता, आणि चिटणीस म्हणून लपवाछपवी करणं मला पटेना. एकोणिसावी मीच सांगितली.

"गावपळण. तीनचार वर्सांनी देवाचो कौल झालो की अख्खो गाव गावाभायर. माणसां, गोरवां, कोंबडी, कुत्रे. दीस बुडाच्या आत गाव रिकामो. तीन दीस, तीन राती. गावात चूल नाय, दिवो नाय. एका घरान मोडल्यान तर सगळ्यांची मोडता. त्या घराक मगे वाडी पाणी देणा नाय, विस्तव देणा नाय, खांदो देणा नाय. घर सोडूचा लागता."

तात्यांचं पेन 'दिवो नाय' या शब्दांवर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, खाली रेघ मारली, आणि म्हणाले, "नोंद झाली."

हे तात्या म्हणजे दीपगृहावरचे निवृत्त बत्तीवाले. मूळचे दोडामार्गाकडचे, पण तीस वर्षं समुद्रातल्या या नाहीतर त्या खडकावर काढलेली. सूर्य बुडायच्या आत बत्ती लावायची, उजाडेपर्यंत राखायची, आणि वारा-समुद्राची नोंद करायची, एवढंच काम. बोलायचं ते वाऱ्यावर आणि होडीतल्या माणसाशी, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना येतच नसे. त्यांनी तुमच्या कानात काही सांगितलं की ते भागीरथीकाकीला आधी कळायचं.

आमच्या आधी त्यांनी पाच वाड्या बघितल्या होत्या. कट्टा गावाजवळच्या वाडीला खोटी सहाच निघाल्या, म्हणून सोडली. तळेऱ्याकडे एक सुरेख घर होतं, माडीचं, स्वस्त. तिथला माणूस अभिमानाने म्हणाला, "हंय कोण कोणाच्या भानगडीत पडणा नाय." तात्या चहा अर्धा टाकून उठले. मला वाटलं, हा नमुना घर घेत नाही, नुसता फिरतो आहे. आणि दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून तात्या थेट माझ्याकडे आले: "ह्यांच घर. ठरवलंय."

"एकोणीस खोटी आसान?"

"एकोणीस आसत म्हणान," तात्या ओरडले.

परक्याला घर द्यायचं तर वाडीतल्या कोणीतरी त्याची हमी घ्यावी लागे. ही खोट काकी सांगायला विसरली होती. देवळात मी उभा राहिलो. गावचे मानकरी बाबा गावकर यांनी विचारलं, "नियम पाळतलो हो माणूस?" मी म्हटलं, "पाळतलो. नाय पाळल्यान तर माजा पान पंगतीत वाढू नको." बोलून गेलो खरा!

वर्षभरात तात्या वाडीचे झाले. म्हणजे वाडीने त्यांना सुखाने बसू दिलं नाही आणि त्यांनी वाडीला. पोटातलं जिरत नाही म्हणून जेवणानंतर शिडी लावून छपरापर्यंत चढायचे आणि उतरायचे, दहा वेळा. दीपगृहाच्या पायऱ्यांची सवय, दुसरं काय! गडगा त्यांनी कमरेइतकाच बांधला; मंडळाने छातीपर्यंत परवानगी दिली असताना. सप्ताहात पहाऱ्याला उभे राहिले आणि भजनात असा सूर लावला की पेटीवाल्याने पेटी बंद केली. रोज दिवस मावळायच्या आधी ते आपल्या कंदिलाची काच राखेने घासून लख्ख करीत, तो पेटवून पुढच्या खांबाला टांगीत आणि सरकारी मराठीत वही भरीत. एकदा मी डोकावलो तर लिहिलं होतं: "वारा उत्तरेचा. समुद्र शांत. भागीरथी गरम."

मी विचारलं, "तात्यानू, आता कोणाक होयी ही नोंद?"

"माका," तात्या म्हणाले. "तीस वर्सां आणि ह्यां एक. एक रात चुकाक नाय."

आणि मार्गशीर्षात कौल झाला. गावपळण लागली.

दोन दिवस आधी मी त्यांच्याकडे गेलो. ते शिडीवरून उतरत होते. मी म्हटलं, "तात्यानू, परवा गाव सोडूचो आसा. दिवो ठेवूक गावाचो नाय."

"दिवो इजणा नाय," तात्या गरजले.

"माजो शबूद आसा हो देवळात! माजा पान उठतला. तुमचा घर जातला!"

ते शेवटच्या पायरीवर बसले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"चिटणीस, माजी बायको गेली तेवा मी बत्तीर होतंय. पावसाचे दीस. होडी येवक नाय. अकरा दिसांनी माका कळला. त्या रातीपण बत्ती लावलंय मी. इजवची कशी ता माका म्हायतच नाय."

ते पुढे म्हणाले, "तीन दीस तापान होती ती. शेजारच्या घराक पत्तो नाय. लय चांगली वाडी होती. कोण कोणाच्या भानगडीत पडी नाय."

तेव्हा मला तो तळेऱ्याकडचा अर्धा टाकलेला चहा समजला. माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण डोळे भरले म्हणून कौल फिरत नाही. तात्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी घरी आलो आणि त्या रात्री माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या.

पळणीच्या दिवशी दुपारी ढोल वाजला. गाड्या, गुरं, कोंबड्यांची खुराडी, म्हाताऱ्या, तान्ही पोरं, सगळी वरात साकवावरून ओढ्यापलीकडे उतरली. गावाची हद्द तिथे संपते. झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या, दगडांच्या चुली पेटल्या. मी डोकी मोजली. तात्या नव्हते.

दिवस कलला. माडांखाली आधीच अंधारलं होतं. आणि पलीकडे, आमच्या वाडीत, दिवा दिसला.

"शिरा पडली त्या बत्तीर!" भागीरथीकाकी किंचाळली. लोक काठावर धावले. बाबा गावकरांनी माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, संपलं! पान गेलं, चिटणीसपद गेलं, आणि त्या वेड्या माणसाचं घरही गेलं.

"हलता तो!" काकीच पुन्हा ओरडली.

दिवा खरंच हलत होता. माडांमधून, गडग्यांच्या बाजूने, आमच्या देवळावरून, संथपणे पुढे येत होता. सूर्याची कड अजून समुद्रावर होती तेव्हा तात्या साकवावर चढले. एका हातात पेटलेला कंदील, काखेत वही, खांद्यावर त्यांची ती शिडी! साकव त्यांच्या वजनाने कुरकुरला. अलीकडे पाऊल टाकलं तेव्हा मागे गावात ठिणगीसुद्धा उरली नव्हती.

"बत्ती इजवूक नाय," तात्यांनी अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "बत्ती हलवली. नोंद करा."

बाबा गावकर आधी गंभीर राहिले, मग त्यांच्या मिश्या हलल्या, आणि मग सगळा काठ हसायला लागला. मी असा ताठ उभा होतो की काय सांगू! जसा काही तो दिवा मीच शिवला होता.

शिडी एका आंब्याला लावून तात्यांनी कंदील उंच टांगला आणि त्याच्याखाली गाव जमलं. तीन दिवस सगळ्यांचं एकत्र रांधणं, एकत्र जेवणं. बायका तात्यांना वाढायच्या आणि "एवढाच?" म्हणून रागवायच्या. म्हातारे त्यांच्याशी पत्ते खेळायचे. पोरांना ते शिडीवर चढवून, गलबतं कशी ओळखायची ते शिकवायचे. रात्री दोन माणसांच्या मध्ये चटईवर झोपायचे आणि घोरायचेसुद्धा मोठ्याने. शिडी चढायची आठवण त्यांना एकदाही झाली नाही. पोटातलं सगळं जिरत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा गावकर वेशीवर कौल लावायला बसले. गाऱ्हाणं झालं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि उजवा कौल पडला. घरी जा! बायकांनी टोपल्या उचलल्या, गुरं हंबरली, पोरं साकवाकडे पळाली.

"बाबा," मागून तात्यांचा आवाज आला. "परत एकदा इचारून बगा. कौल चुकलो आसात."

सगळे थबकले. बाबा म्हणाले, "तात्यानू, देव चुकता काय?"

"तसा नाय. पण एकदा इचारूक काय जाता?"

लोक हसले आणि निघाले. तात्या सगळ्यांत शेवटी निघाले. शिडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत, दर दहा पावलांवर थांबत. मी त्यांच्याबरोबर चाललो.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. कंदील परत खांबाला लागला होता, काच लख्ख होती. तात्या पायरीवर पाठमोरे बसले होते. घरात एकाच माणसाचं सामान होतं आणि ते सगळं जागच्या जागी होतं. वही खाटेवर उघडी पडली होती. खोटींचं पान होतं. मी वाचायला नको होतं, पण चिटणिसाला सवय असते. "एकोणीस: गावपळण. तीन रात्री घर सोडून जावे लागते. दिवा ठेवता येत नाही." हे सगळं आडव्या रेघेने खोडलं होतं. खाली ताज्या शाईत लिहिलं होतं: "एकोणीस: गावपळण. दिवस कमी पडतात."

मी वही होती तशी ठेवली. बाहेर येऊन मुद्दाम त्यांच्याच आवाजात ओरडलो, "तात्यानू, जेवलात काय?"

"नाय."

"मगे चला. पेज ठेवली आसा."

"ही विसावी!" तात्या अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असे गरजले. "माणसाक घरात सुखान बसूक देणत नाय!"

आणि वहाणा शोधायला लागले.