घसरणीवरच्या खुणा

एका जंगलात, मुलांनो, एक पाणवठा होता. तिथे पाण्यापेक्षा पाऊलखुणांची निगा जास्त होती. साळिंदरआबा रोज काठाचा चिखल सपाट करत. कोण आलं, कुठून आलं, सगळं त्यावर स्वच्छ उमटे.

त्या दिवशी विशेष काही नव्हतं. मोहाची फुलं पडत होती. भेकरराव सावलीत रवंथ करत होते. खार आली आणि म्हणाली, "भाऊ, वहिनींना लांडग्यानं नेलं."

भेकररावांनी विचारलं, "ती दुपारी एकटी जाते, हे त्याला कसं कळलं?"

"काठावर वाचलं म्हणे."

भेकरराव पाडसाला घेऊन पाणवठ्यावर गेले. "आबा, या खुणा ठेवता कशाला?"

"वा! किती जण आले ते कळायला नको?"

"मग मोजा आणि पुसून टाका. कोण आलं ते कशाला हवं?"

आबांना पटलं. सभा भरली. हत्तीचं भाषण झालं. आबा शेपटीच्या काट्यांनी काठ झाडू लागले. पाटीही लागली : 'येथे कोणाचाही माग राहत नाही.'

फक्त घसरण राहिली. काठावर एक निसरडी जागा होती. तिथे पडणाऱ्यांच्या खुणा आबा वेगळ्या जपत.

"त्या दुरुस्तीसाठी," आबा म्हणाले.

"दुरुस्ती कधी?" भेकररावांनी विचारलं.

"आधी खुणा तर पुरेशा जमू देत!"

आता मुलांनो, घसरतं कोण? म्हातारं, लंगडं, नाहीतर कोवळं. लांडग्याची मोठीच सोय झाली. पूर्वी ढीगभर खुणांतून सावज निवडावं लागे. आता ते निवडून मिळू लागलं.

एके सकाळी पाडस घसरलं. दोन इवल्या गुडघ्यांचे ठसे उमटले. भेकररावांनी ते पुसायला पाय उचलला.

"हां, हां! पुसायचं नाही. नियम आहे."

भेकररावांनी पाय खाली ठेवला. मग त्याच जागी धाडकन पडले. उठले, पुन्हा पडले. थोडे लोळलेही.

"अहो, एवढे थोराड तुम्ही, आणि घसरता?"

"घसरतो, आबा. हल्ली घसरतो."

सशानं हे पाहिलं आणि तोही घसरला. मग रानडुकरं सहकुटुंब घसरली.

संध्याकाळी लांडगा आला. त्या राड्याकडे बघत राहिला.

"आबा," तो खिन्नपणे म्हणाला, "तुमच्या कामात पूर्वीची शिस्त राहिली नाही हो."

तात्पर्य : शहाण्यानं रोज नेमानं घसरावं. घसरणीवर झाडू फिरवायचा अजून राहिला आहे.