जांघेतलं भोक आणि गारखेड्याचं पाणी

कोणत्याही मोठ्या दुरुस्तीचं यश शेवटी तिच्यासाठी पाडलेल्या भोकावर ठरतं.

पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगा आला, तर पूर्वी सगळं पोट उघडत. आता जांघेतल्या धमनीला भोक पाडतात, त्यातून जाळीचा कापडी नळा वर सरकवतात, फुग्याच्या आत उघडतात आणि आल्या वाटेने बाहेर येतात. गेल्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्या संभाजीनगरातल्या एका खासगी रुग्णालयात हे झालं. (नाव देत नाही. त्यांचा फलक पुरेसा मोठा आहे.)

यातली खरी थोरवी भोक बुजवण्यात आहे. भोक मोठं करण्याआधीच डॉक्टर त्याच्या कडांना दोरे घालून ठेवतात. काम संपलं की गाठी आवळायच्या, बोटाने दाबून धरायचं आणि पुढचे काही तास पाय सरळ. म्हणजे आधी बुजवण्याची सोय, मग भोक. शहरात जलवाहिनीसाठी चाललेल्या खोदकामाशी याची तुलना करणं अन्यायाचं होईल. तिथे भोक आधी असतं आणि बुजवणं वरिष्ठांच्या विचाराधीन असतं.

रुग्ण पुंडलिकराव. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार गारखेडा. त्यांच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. (वेळ ठरलेली आहे, असं पालिका म्हणते. कळवलेली नाही, इतकंच.) ‘पाणी आलं’ हे शब्द कानावर पडल्यापासून मोटरचं बटण दाबेपर्यंतच्या शर्यतीत पुंडलिकरावांना गल्लीत कोणी हरवलेलं नाही. जेवणावरून, झोपेतून आणि एकदा साडूच्या अंत्यविधीच्या तयारीतून ते असेच उठले होते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर देवेश यांनी फुग्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो पत्रकारांना दाखवले. भोकाचा फोटो कोणी मागितला नाही.

लीलाबाईंनी, म्हणजे पुंडलिकरावांच्या पत्नीने, नातेवाइकांना ‘पोटाचं ऑपरेशन’ असं कळवलं होतं. जांघ हा अवयव त्यांच्या घराण्यात सर्वांना असतो, पण कोणी त्याचं नाव घेत नाही. त्यामुळे त्यांचा धाकटा भाऊ बद्रीनाथ गंगापूरहून जीपने आला, तो थेट पोट बघायला.

“अक्का, पोटाला तर ओरखडा बी नाय,” तो चादर वर करून म्हणाला. “दाजींला नुसतं झोपवून ठिवलंय का काय?”

“तुला काय करायचंय? गप बस अन् केळं खा.”

बद्रीनाथने केळं खाल्लं आणि दाजी ठणठणीत आहेत, असा निष्कर्ष काढला. हातातल्या माहितीवरून दुसरा निघण्यासारखा नव्हता. तेवढ्यात लीलाबाईंचा फोन वाजला, तो त्यानेच उचलला.

“दाजी, तुमचे शेजारी साहेबराव बोलतेत. पाणी आलं म्हणं.”

पुंडलिकराव उठले. पाय दुमडला, मग जमिनीला लागला आणि चप्पल सापडण्याआधी चादर लाल झाली. “मोटर,” एवढंच ते बोलले आणि पांढरेफटक पडले.

सिस्टर निशा धावत आली. तिने त्यांना आडवं केलं आणि दोन्ही हातांनी जांघ दाबून धरली.

“पोटाचं हाय ना?” बद्रीनाथ म्हणाला. “मंग रगत इथून कसं?”

“जांघेत भोक हाय, मुडद्या,” लीलाबाई म्हणाल्या. ‘जांघ’ हा शब्द घराण्यात प्रथमच उच्चारला गेला.

डॉक्टर देवेश आले. निशाचे हात काढून त्यांनी स्वतःचा अंगठा ठेवला. पुंडलिकरावांचा जीव आता त्या अंगठ्याखाली होता. डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजला. निशाने तो काढून त्यांच्या कानाला लावला. पलीकडे त्यांच्या सोसायटीचा वॉचमन होता. आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“साहेब, अपने उधर पाणी आलंय.”

डॉक्टरांची मान दाराकडे वळली.

“सर, अंगठा,” निशा म्हणाली.

अंगठा परत जागेवर आला. बराच वेळ दाबून धरल्यावर रक्त थांबलं. पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही, पण पुंडलिकरावांची नाडी धावतच होती. लीलाबाईंनी साहेबरावांना फोन लावला, ऐकलं आणि नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.

“पाणी गेलं, बरं का.”

नाडी पूर्ववत झाली. केसपेपरवर याचं श्रेय सलाईनला दिलं आहे.

रुग्णालयाने समिती नेमली. दोष गाठीचा नाही, डॉक्टरांचा नाही, पालिकेचा तर नाहीच, असं एकमताने ठरलं. आता वॉर्डात पाटी आहे : ‘रुग्णासमोर पाण्याचा विषय काढू नये.’ समितीची दुसरी बैठक मात्र अर्धवट राहिली. शिपायाने दारातून काहीतरी सांगितलं आणि खोली रिकामी झाली.

तुम्हाला हे सगळं हास्यास्पद वाटलं असेल. पण ते दोन शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा तुमचा एक कान मोरीतल्या नळाकडे गेला, तो अजून तिथेच आहे. पाय सरळ ठेवा.