तिसरा टॅपेट

गुलाबभाऊ वानखडे चहा ढवळायला चमचा वापरत नाहीत. खिशातून इंजिनाचा एक जुना व्हॉल्व काढतात, शर्टाला पुसतात, त्याची चकती ग्लासात बुडवतात आणि दांडा दोन बोटांत धरून फिरवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी न राहवून म्हणालो, "भाऊ, हे तब्येतीला बरं नाही."

"सर, हा तीस वर्स आगीत उभा होता. याच्याहून स्वच्छ वस्तू अख्ख्या अमरावतीत दाखवा."

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यामुळे माझा चहा मी न ढवळताच प्यालो.

वलगाव रोडवर भाऊंचं गॅरेज आहे. वर एक खोली, खाली चार गाड्या, पाचवी आली तर ती लिंबाखाली. वय सत्तरीच्या आसपास. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "पार्टच नाई भेटला." माणसं त्यांना इंजिनाच्या भाषेतच कळतात. बँकेतला काडीसारखा मॅनेजर म्हणजे 'पुशरॉड', इंजिनातली लांब बारीक सळई. सदा रागावलेला कुणी दिसला की 'टॅपेट टाईट हाय त्याचं.' आणि या सगळ्यावर त्यांचं एकच तत्त्वज्ञान : "बोलू द्या."

त्याचा अर्थ असा. जुन्या इंजिनाच्या पोटात कॅम नावाचा एक दांडा फिरतो. त्याला आठ नाकं असतात आणि प्रत्येक नाकावर एक टॅपेट बसलेलं असतं. नाक वर आलं की टॅपेट वर जातं आणि त्याचा व्हॉल्व उघडतो. या वाटेत केसाएवढी फट ठेवावी लागते. फट असली की टिकटिक आवाज येतो. गिऱ्हाइकाला तो आवाज नको असतो. फट मिटवली की गाडी एकदम शांत होते आणि महिन्याभरात व्हॉल्व जळतो.

"बोलून राहिली ना? मंग बरी हाय," भाऊ म्हणतात. "गाडी असो का माणूस असो, चूप झाला का समजाचं, अंदर काई तरी जळून राहिलं."

आमच्या बाबांची गोल पाठीची, मोरपंखी रंगाची जुनी गाडी मी त्यांच्याकडे नेली ती उन्हाळ्यात. बाबा चौऱ्याऐंशीचे. त्यांची मोठी बहीण, आमची आक्काआत्या, अकोल्याला असते. बाबांनी घरात जाहीर केलं होतं, "यंदाच्या दसऱ्याला आक्काला सोनं द्यायला मी याच गाडीतून जाणार. नाहीतर जाणार नाही." बाबा बोललेलं करतात. विशेषतः 'जाणार नाही' हा भाग.

पहिला घोळ मी आठवड्याभरातच घातला. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मी तज्ज्ञ झालो होतो. भाऊंना न विचारता शर्यतीच्या गाडीचा कॅम आणि कडक स्प्रिंगा मागवल्या. खोकं उघडून त्यांच्यापुढे असं ठेवलं, जसं काही लग्नाचं रुखवत.

भाऊंनी कॅम उजेडात फिरवून पाहिला. "सर, गाडी कुठं पळवाची हाय?"

"अकोल्याला."

"बडनेऱ्याच्या पुलावर ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरात चालाची हाय. हा कॅम इंजिन वरच्या फेऱ्यात किंचाळलं तवा जागा होते. तवरोक झोपूनच राह्यते. आन् ह्या स्प्रिंगा! कॅमचं नाक घासून सपाट करतीन. गाडी पळते किती ते पाहून पार्ट नाई घेत. तिचं वय काय, ती जाते कुठं, आन् बसते कोन, ते पाहून घेतात."

खोकं मी घरी परत नेलं. ते आजही आमच्या दिवाणाखाली आहे. झाडताना माझी बायको दर वेळी ते मुद्दाम बाहेर काढते.

दुसरा घोळ मोठा होता. भाऊंनी इंजिन उघडून आठही टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवले होते. ते एका रविवारी चांदूर बाजारला ट्रॅक्टर पाहायला गेले. मी गॅरेजात एकटा. मनात आलं, आपणही हातभार लावावा. आठही टॅपेट रॉकेलमध्ये खंगाळले, धुतल्या वस्त्राने पुसले आणि जो जास्त चमकतो तो आधी, या क्रमाने ट्रेमध्ये लावून ठेवले. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत टापटीप काम होतं.

भाऊ आले. ट्रे पाहिला. खिशातून व्हॉल्व काढला आणि ग्लासात फिरवू लागले. बराच वेळ फिरवत होते. ग्लास रिकामा होता.

"भाऊ, काहीतरी बोला," मी म्हणालो. चूप राहणाऱ्याचं काय होतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"आठ संसार मोडले सर तुमी," ते शेवटी म्हणाले. "एकेक टॅपेट आपापल्या नाकावर घासून घासून बसेल असते. ह्याचा त्याले चालत नाई. आता कोन कोनाचा, कसं वयखाचं?"

म्हणजे जुना कॅमही गेला आणि जुने टॅपेटही. आता नवा कॅम आणि त्याचेच नवे टॅपेट, असा जोडीनेच संच बसवायला हवा होता. ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. दसऱ्याला महिना उरला होता. घरी बाबा रोज विचारत होते, "कुठवर आलं?" आणि मी म्हणत होतो, "धुऊन झालंय."

दोन दिवसांनी भाऊंनी लोखंडी कपाट उघडलं. तेलकट कागदात गुंडाळलेला कोरा कॅम काढला. आमच्याच गाडीचा! मी आनंदाने ओरडलोच. "आणि टॅपेट?"

"अकोल्याले हायत. शेषरावपाशी."

शेषराव म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी दोघांनी गॅरेज वाटून घेतलं. पाच माणसं बसवून, नग मोजून, अर्धं अर्धं. कॅम एक नग, टॅपेटचा डबा एक नग. कॅम याच्या वाट्याला, डबा त्याच्या.

"पण भाऊ, एकाशिवाय दुसरा निरुपयोगी! दोघांनाही ठाऊक होतं ना?"

"दोघायलेई."

"मग बोलला का नाहीत?"

भाऊंनी कपाट लावलं. "तो बोलन म्हणून मी चूप. मी बोलन म्हणून तो चूप. पाच मानसं तवरोक चहा पिऊन उठले."

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. घोळ माझा होता, म्हणून अकोल्याची एसटीही मीच धरली.

शेषरावांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. दारात एक गृहस्थ खुर्चीवर बसून व्हॉल्वने चहा ढवळत होते.

मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कॅम अजून ठेवला त्यानं? इकला नाई?"

"नाही."

ते आत गेले आणि डबा घेऊन आले. आठही टॅपेट आरशासारखे. "दर दसऱ्याले तेल लावतो," म्हणाले. पैशाचा विषय काढला तर हात झटकला. "गाडी सुरू झाली का एकदा इथं आना. आवाज ऐकाचा हाय. आन् त्याले सांगजा, फट कमी नोको ठिवू."

हा निरोप मी भाऊंना दिला. "मले शिकवते!" भाऊ गरजले. "माह्या हातावर पाना धरनं शिकला, आन् मले शिकवते!" आणि दिवसभर शीळ घालत काम करत राहिले.

स्प्रिंगा मूळच्याच मवाळ जातीच्या मिळाल्या. कॅमच्या नाकांना भाऊंनी बोटाने वंगण लावलं, बाळाला तीट लावावी तसं. शेवटी फिलरच्या पातळ पात्यांनी एकेक फट मोजून बसवली. मी शेजारी उभा होतो आणि मला चक्क त्यांची चूक सापडली. तिसऱ्या टॅपेटला त्यांनी एक जाड पातं लावलं होतं.

"भाऊ, तिसऱ्याला फट जास्त झाली!"

"सर, तुमी फिजिक्स शिकवा."

म्हातारपण, मी मनात म्हटलं. नजर गेली बिचाऱ्यांची. मोठ्या मनाने पुढचं पातं त्यांच्या हातात दिलं.

इंजिन दुसऱ्या सेल्फला लागलं. नवा कॅम बसवल्यावर वीस मिनिटं रेस खाली सोडायची नसते. भाऊ लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला आणि त्याची मूठ कानाला लावून गाडीभोवती फिरत होते. वीस मिनिटांनी रेस सोडली. गाडी एका लयीत बोलू लागली, फक्त मधूनच एक टिक जरा ठसक्यात. बाबांना मी फोनवर आवाज ऐकवला. ते म्हणाले, "आहे, तीच आहे."

दसऱ्याला सकाळी आम्ही निघालो. पुढे मी आणि बाबा, मागे बायको आणि भाऊ. भाऊ 'टेस्टिंगसाठी'. "मले अकोल्याच्या स्टँडवर सोडजा, मी एसटीनं वापस येतो," हे त्यांनी बडनेऱ्याला सांगितलं, मूर्तिजापूरला सांगितलं. ट्रक आम्हाला ओलांडून जाताना हॉर्न वाजवत होते आणि बाबा प्रत्येकाला हात करत होते, जणू त्यांची मिरवणूक निघाली आहे. आक्काआत्या आवाज ऐकूनच फाटकात आली. बाबांनी तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली. ती म्हणाली, "उशीर केलास." बाबा म्हणाले, "इंजिन करत होतो." मी करत होतो, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर बायकोने पाहिलं.

मग बाबांना आणि बायकोला तिथेच ठेवून मी गाडी सरळ शेषरावांच्या दुकानापुढे नेली. स्टँड मला वाटेत दिसलंच नाही. भाऊ मागच्या सीटवरून उतरेनात. "तुमी ऐकवा. मी बसतो."

शेषराव पान्यांची पूजा आटोपून बाहेर आले. मागच्या काचेकडे त्यांनी पाहिलं नाही. बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. एक. दोन. तीन. तिथेच थांबले.

"तिसरा जास्त बोलून राहिला," ते इंजिनाला म्हणाले.

"बोलू दे त्याले," मागच्या सीटवरून आवाज आला.

"मी काय चूप कर म्हटलं का?" शेषराव अजून इंजिनाकडेच पाहत होते. "पर एवढा ढिला कोनी ठिवते काय?"

"मंग कर ना बरोबर. येते ना तुले?"

गाडीचं दार उघडलं. भाऊ उतरले आणि बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले. एका टॅपेटचं काम, पाच मिनिटांचं. त्यांना दीड तास लागला. त्यात तीन चहा झाले. दोन्ही व्हॉल्व वापरात होते, मला मात्र चमचा मिळाला. निघताना शेषराव भाऊंच्या पाया पडले आणि पानं दिली. भाऊंनी ती व्हॉल्वच्या खिशात ठेवली.

बाबांना आणि बायकोला आत्याकडून घेऊन परतताना गाडी रेशमासारखी चालली होती. आठही टॅपेट एका सुरात. एसटीचं नाव भाऊंनी काढलं नाही. मूर्तिजापूरपर्यंत ते कान देऊन ऐकत बसले होते. मग पुढे वाकून, बाबांची झोप मोडू नये अशा बेताने, मला म्हणाले,

"चांगला बसवला त्यानं. सर, दिवाळीले सहावा ढिला ठेवतो."